बराबर बस

हल्ली आमची सून दिवसातून दहादा सांगते, "आत्याबाई, बराबर बसा, पडताल." मी खुर्चीत वाकडीच बसते, पाय वर घेऊन, मुद्दाम. 'बराबर बस' हे शब्द मी आयुष्यभर इतके वापरलेत, की कुणी माझ्यावर वापरले तर आधी त्या माणसाच्या हातात काय आहे ते बघते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कुरुंद्याच्या बाजूला एका लहान गावात पहिलीच्या वर्गावर होते. त्या वेळची मी म्हणजे काय नमुना! गळ्यात शिट्टी, अंबाड्यात डझनभर आकडे. पोरं बस्करपट्टीवर बसली की टोकाला उभी राहून, एक डोळा मिटून ओळ बघायची, गवंडी भिंत बघतो तशी. एखादा गुडघा जरी बाहेर आला तरी मला डबा गोड लागत नसे.

त्या वर्षी तांड्यावरची एक पोरगी शाळेत आली. डोकं तल्लख, पण पाय लुळे आणि कमरेत जोर नाही. मोकळी बसवली की हळूहळू कलंडायची. आईनं तिची सोय करून दिली होती: बुडाखाली घागरीची चुंबळ, पाठीमागं भुसा भरलेलं अर्धं पोतं. दोन भिंतींच्या कोपऱ्यात ती अशी रुतून बसायची की दोन्ही हात मोकळे. सगळ्यांच्या आधी तिची पाटी भरायची.

पण कोपरा ओळीत येत नव्हता.

तपासणी आठ दिवसांवर आली. मी पोतं आणि चुंबळ कपाटामागं सारली, ऑफिसातली हाताची लाकडी खुर्ची ओळीच्या टोकाला आणून ठेवली आणि पोरीला तीत बसवलं. ती घसरायला लागली. मग मी घरून जुन्या पातळाचा काठ आणला. जरीचा होता बरं का! मला वाटलं, केवढं मोठं माझं मन!

"हात वर कर," मी रोज सकाळी म्हणायचे. ती हात वर करायची. काठ काखेखालून घेऊन मी खुर्चीच्या पाठीला गाठ मारायचे. "हं, आता बराबर बस."

एका सकाळी मोठे गुरुजी दारात उभे होते. "बाई, कोपऱ्यात काय तकलीफ होती हो तिला?"

"तिला नव्हती, मला होती," हे खरं उत्तर सुचायला पुढं कितीतरी वर्षं जावी लागली. तेव्हा मी म्हणाले, "खुर्चीवर बसवलंय गुरुजी. मान दिलाय तिला."

खुर्चीचा पुढचा एक पाय आखूड होता. पोरगी हलली की टक् वाजायचं. "आवाज नको," मी दटावलं. दोन दिवसांत आवाज बंद झाला. तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर पाटीही कोरी. लिहायला हलावं लागतं, हे मला कळू नये? मी आपली खुश, की शिस्त लागून राहिली. मधल्या सुट्टीत पोरींनी चिंध्यांची बाहुली विटेला बांधली होती. त्यातली एक हुबेहूब माझ्या आवाजात बाहुलीला म्हणाली, "बराबर बस." मला हसू आलं. ते हसू आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

तपासणीच्या दिवशी शिवारात हळद शिजत होती. तिचा उग्र वास वर्गात कोंडला होता. आठ दिवस मी पोरांकडून एकच गोष्ट घोटून घेतली होती: शिट्टी वाजली की सगळ्यांनी उठायचं आणि म्हणायचं, 'एक साथ नमस्ते!' फक्त त्या पोरीला "तू उठू नको" एवढं सांगायचं राहून गेलं.

साहेब दारात आले. मी शिट्टी वाजवली. सगळा वर्ग उठला. तीही उठायला गेली.

टक् वाजलं, आणि खुर्ची पाठीवर घेऊनच ती तोंडावर गेली. माझी गाठ मलाच सुटेना. गुरुजींनी ब्लेडनं काठ कापला. ओठ फाटला होता, पुढचे दोन दात फरशीवर पडले होते. ती रडली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई, आवाज झाला."

मग ती शाळेत येईना. पाचव्या दिवशी मी चुंबळ घेऊन तांड्यावर गेले. पोरगी ओसरीच्या खांबाशी बसली होती. कमरेला बैलाचं दावं बांधलेलं.

"काहून पाठवून न्हाई राहिली हिला?" मी विचारलं.

आईनं भाकरी थापता थापता, वर न बघता सांगितलं, "मी कामाला गेले की हे सरपटत चुलीत जाते, बाई. म्हणून बांधून ठिवावं लागते. साळंत दावं नसते म्हणून तं धाडत होते. तिथंबी बांधायचंच असंल, तं आमचं दावं काय वाईट हाय?"

मी चुंबळ पुढं केली. "कोपरा तिचाच आहे. गाठ मारणार नाही."

तिनं चुंबळ उलटीपालटी करून पाहिली, जशी काही मी तीत आणखी एखादी दोरी लपवली होती.

सोमवारी ती पोरीला कडेवर घेऊन आली. कोपरा, पोतं, चुंबळ, पाटी, सगळं जागच्या जागी. माझी ओळ वाकडी झाली ती मी वाकडीच ठेवली. पोरगी पुन्हा लिहायला लागली. पण पाटी तपासायला मी जवळ गेले, की ती पेन्सिल खाली ठेवायची आणि दोन्ही हात वर करायची.