हवालदारांनी दाखवलेला कोपरा

हवालदार हे काही त्यांचं खरं पद नव्हतं. पोलिसांशी त्यांचा संबंध एवढाच, की तरुणपणी भरतीला गेले आणि छाती दोन बोटं कमी भरली म्हणून परत आले. पण चाल तशी, मिशी तशी, आणि कुणी न विचारता फाटकातून आत शिरलं तर आवाजही तसाच. म्हणून गल्लीनंच त्यांना परस्पर बढती देऊन टाकली होती. अकरा वर्षं एकाच बंगल्याची राखण केली त्यांनी.

फाटकाला लागून त्यांची खोली. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीला आरसा आणि दाराला आतून कडी. या कडीचं त्यांना भारी कौतुक. बायको गेल्यावर ते वर्षभर मुलाकडे राहिले होते. बाहेरच्या खोलीत टीव्हीखाली अंथरूण. घरातले झोपेपर्यंत पाठ टेकायची नाही आणि घरातले उठायच्या आत वळकटी गुंडाळायची. एक दिवस मुलगा चार माणसांदेखत म्हणाला, "बाबा, तुम्ही दिवसभर घरात असता ना, म्हणून घर लहान पडतं." हवालदारांनी पिशवी उचलली आणि सांगितलं, "आता मेलो तरी तुझ्या दारात यायचो नाही." त्यानंतर ही नोकरी, ही खोली. ही गोष्ट त्यांनी मला किमान पन्नास वेळा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणायचे, "स्वतःची कडी असावी रे माणसाला."

मी वायरमन. गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान आहे, दुकान म्हणजे एक शटर आणि आत वायरची भेंडोळी. सुरुवातीला कुत्रंही फिरकत नव्हतं. हवालदारांनीच मला कामं मिळवून दिली. कुणाची ट्यूब गेली, कुणाचा फ्यूज उडाला, की यांचं आपलं ठरलेलं: "त्या वायरमनला बोलवा, त्याच्या हाताला शिस्त आहे." दुसरा कुणी स्वस्तात करतो म्हणाला तर त्याला फाटकावरूनच वाटेला लावायचे. माझं पोट त्यांच्या शिफारशीवर चाललं, हे मी नाकबूल करत नाही. म्हणून तर हे सांगताना तोंड कडू होतं.

बंगल्याच्या साहेबांनी मला बोलावलं ते अंगणातला जुना दिवा काढून तिथं कॅमेऱ्याचा दिवा बसवायला. दोन बाजूंना दोन झगझगीत दिवे, मधे कॅमेरा, खाली सेन्सर. माणूस हलला की दिवे लागणार, साहेबांच्या मोबाइलवर चित्र जाणार, आणि साहेब जगाच्या पाठीवर कुठूनही त्यातून बोलू शकणार. वर भोंगासुद्धा. बॅटरीची भानगड नाही, थेट घरच्या लाइनीवर चालणारा.

साहेब तसा माणूस वाईट नव्हता. मला खुर्ची दिली, चहा दिला. मग दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "हे नीट चालू झालं की पुढच्या महिन्यापासून हवालदारांची गरज नाही. ती खोली मला गाडीसाठी हवीये. मी त्यांना सांगेन, माझ्या पद्धतीनं. तू मात्र तोंड उघडू नकोस, उगाच काम होईपर्यंत वातावरण बिघडायला नको." मी मान हलवली. त्यावर म्हणाले, "या ओळीतल्या पाच घरांना मी तुझं नाव दिलंय. सगळ्यांना हाच कॅमेरा हवाय."

पाच घरं! खोटं कशाला बोलू, आधी मला पाच घरंच ऐकू आली.

पहिला दिवस अर्थिंगची वायर ओढण्यात गेला. जुन्या दिव्याला फक्त फेज आणि न्यूट्रल, अर्थिंगचा पत्ताच नाही. ज्यानं कुणी ते काम केलं होतं त्याचा मी यथेच्छ उद्धार केला. दुसऱ्या दिवशी मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली आणि शिडीवर चढलो. शिडी धरायला अर्थात हवालदार. दोन्ही हातांनी अशी घट्ट धरली होती, की मी म्हटलं, "अहो, मी पडणार नाही आणि शिडीही पळून जाणार नाही."

"पडशील, तू हल्ली जाड झालायस," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "साहेबांनी बघ, माझा किती विचार केला. बोललो होतो मी त्यांना, डोळ्याला अंधारात आता नीट दिसत नाही म्हणून. लगेच दिवा आणला. नाहीतर कोण कुणासाठी करतं?"

माझ्या हातात बॅटरीवरचं ड्रिल होतं. मी ते चालू केलं. दोन भोकं पाडायची होती, मी तिसरंही पाडलं.

आवाज थांबल्यावर ते पुन्हा बोलू लागले. पलीकडच्या रस्त्यावरच्या लाकडाच्या वखारीत राखणदार हवा होता. वखारवाला स्वतः येऊन विचारून गेला होता. राहायला खोली, तीही कडीची. आज संध्याकाळी उत्तर द्यायचं, कारण त्याच्याकडे दुसरा माणूस तयार होता.

"तुला काय वाटतं? जाऊ का?"

मी वर दोन वायरी जोडत होतो. जोडून झाल्या होत्या, तरी उगाच पुन्हा पिळत होतो. एवढंच म्हणायचं होतं, 'जा.' एक अक्षर! कारण सांगायचीही गरज नव्हती. पण मनात आलं, हे जातो म्हणाले तर साहेब विचारणार, आजच कसं काय सुचलं? आणि मग ती पाच घरं. मी खाली न बघता म्हणालो, "बघा बुवा. तुमचं तुम्ही ठरवा."

"मी ठरवलंयच," ते म्हणाले. "अकरा वर्षं ज्यांचं खाल्लं त्यांना असं ऐन वेळी सोडायचं? आणि दिवा आणल्यावर? माणसानं निदान लाज तरी राखावी."

लाज! मी खिशातले स्क्रू काढून तोंडात धरले. तेवढं निमित्त पुरलं.

दिवेलागणीला चाचणी. साहेब वर गच्चीत मोबाइल घेऊन बसले, मी खाली. आता चाचणीला कुणीतरी चोर व्हावा लागतो. अंगणातून चालायचं, वाकून, रांगून, भिंतीच्या कडेनं. म्हणजे सेन्सर कुठे पकडतो आणि कुठे चुकतो ते कळतं आणि तसा कोन बसवता येतो. मी स्वतःच करतो हे, पण हवालदार पुढे सरसावले. "चोर कसा चालतो ते तुला काय ठाऊक? मी पकडलेत."

आणि झाले चोर. सदुसष्टाव्या वर्षी गुडघ्यांवर रांगत. फाटकाकडून आले, दिवे लागले. झुडपाआडून आले, लागले. प्रत्येक वेळी भिंतीवरच्या कॅमेऱ्यातून साहेबांचा आवाज यायचा, "सापडलात हवालदार!" आणि हे उभे राहून कॅमेऱ्याला सलाम ठोकायचे. साहेब हसायचे. मीही हसलो. हसलो होतो, आठवतंय मला.

मग ते म्हणाले, "आता बघ हं." पाण्याच्या टाकीमागे गेले आणि दिसेनासे झाले. आम्ही वाट बघतोय, दिवे काही लागेनात. आणि एकदम माझ्या पाठीवर थाप! हवालदार माझ्या मागे, कॅमेऱ्याच्या ऐन खाली, कपड्यांना माती, चेहऱ्यावर हे एवढं हसू.

"आयला! कसे आलात?"

साहेबही वरून ओरडले, "हवालदार, कुठून आलात?"

त्यांनी सगळं करून दाखवलं. शिकवणीला बसलेल्या पोराला समजवावं तसं, सावकाश. टाकीच्या कोपऱ्यातून निघायचं, आडवं जायचं नाही, सरळ दिव्याच्या रोखानं यायचं आणि अखेरीस भिंतीला पाठ घासत खाली सरकायचं. आठ वर्षांपूर्वी नळ चोरणारा याच वाटेनं आला होता. त्याला धरल्यावर दुसऱ्या दिवशी स्वतः चालून त्यांनी ही वाट पाठ केली होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांची खुर्ची त्या टाकीपाशी. "हा कोपरा या घरात फक्त मला ठाऊक," ते म्हणाले.

बरोबरच होतं त्यांचं. आडवं जाणाऱ्याला सेन्सर चटकन पकडतो, समोरून सरळ येणाऱ्याला उशिरा, आणि ऐन खाली तर त्याला दिसतच नाही. मी शिडी लावली, सेन्सरचं तोंड टाकीच्या बाजूला वळवलं, दोन बोटं खाली झुकवलं, आवळलं. "या आता," म्हटलं. ते पुन्हा टाकीमागे गेले. तीन पावलं टाकली असतील नसतील, दोन्ही दिवे भक्कन तोंडावर.

"बंद झाला कोपरा!" हवालदारच टाळी वाजवून म्हणाले. वरून साहेब म्हणाले, "वा! आता काही राहिलं नाही."

तेवढ्यात वखारवाला आला. स्कूटरवरूनच त्यानं विचारलं, "मग, काय ठरलं?" मी त्यांच्यापासून पाच हात लांब उभा राहून वायर गुंडाळत होतो. हवालदारांनी त्याला आत बोलावलं, दिवा दाखवला, पुन्हा एकदा त्याच्यासमोरून चालून दाखवलं. मग म्हणाले, "बघताय ना? एवढं केलंय माझ्यासाठी. नाही जमायचं." वखारवाल्यानं खांदे उडवले, स्कूटरला किक मारली आणि गेला. मी गुंडाळी पूर्ण केली. वायर मी त्या दिवशी फार सुबक गुंडाळली होती.

गरज सरो, वैद्य मरो. महिना संपायच्या आदल्या दिवशी साहेबांनी त्यांच्या पद्धतीनं सांगितलं, म्हणजे गोड बोलून, शाल देऊन. हवालदार तडक वखारीत गेले, तर तिथं नवा माणूस खाट टाकून बसलेला. आणखी दोन ठिकाणी विचारलं. दोन्हीकडे माणसाऐवजी कॅमेरा होता. एक मीच बसवलेला. शेवटी, जिथं मेलो तरी जाणार नाही म्हणाले होते, तिथंच गेले. टीव्हीखाली.

दीड महिन्यानं ते दुकानात आले. मिशी होती, पण कोरायची राहून गेलेली. मी घाईघाईनं स्टूल पुसलं. इकडचं तिकडचं बोलले, माझी कामं कशी चाललीत ते विचारलं. जोरात चालली होती. मी म्हटलं, "बरी आहेत."

मग म्हणाले, "तुला एक विचारायचं होतं. वेडेपणा आहे, तरी विचारतो. माझा मुलगा म्हणतो, त्या वायरमनला आधीच ठाऊक असणार. साहेबांनी त्याला सांगितलं असणारच, म्हणतो."

एवढं आयतं दार कुणी कुणाला उघडून देत नाही. नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. चार शिव्या खाल्ल्या असत्या, कदाचित एक थोबाडीत, फिटलं असतं.

"छे हो," मी म्हणालो, "मला कोण सांगतंय? मी साधा वायरमन."

"तेच! अगदी हेच म्हटलं मी त्याला." त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हटलं, तो पोरगा मला सांगितल्याशिवाय राहिलाच नसता. मी त्याला स्वतः विचारलं होतं ना, शिडी धरून. मुलगा हसला, म्हणाला बाबा तुम्ही मूर्ख आहात. मग मीही ऐकवलं त्याला चांगलं. तुझ्यावरून इतकं वाजलं आमचं, की परवापासून तो माझ्याशी बोलत नाही. सून ताट बाहेरच आणून ठेवते." ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे. तुझ्याबद्दल वाकडं ऐकून नाही घ्यायचो मी."