काटेमामांची रक्ततपासणी

काटेमामा दुकानदारांचे तराजू दुरुस्त करतात. मापातल्या सगळ्या लबाड्या त्यांना पाठ आहेत. पारड्याखाली मेण, पोकळ वजन, काट्यावर हळूच टेकलेली करंगळी. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. साहित्याची पदवी घेतली, पण इतका सरळ माणूस मला पुस्तकातही भेटला नव्हता.

म्हणून जे घडलं ते मला अजून पचलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी मामांचं यकृत निकामी झालं. त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईंनी, आपल्या यकृताचा तुकडा दिला. शरीराने तो परका समजून हाकलू नये म्हणून मामांना सकाळी आठ आणि रात्री आठला गोळी घ्यावी लागते. जन्मभर. पण हीच गोळी मूत्रपिंडांना छळते. जास्त झाली तर मूत्रपिंडं जातात. कमी झाली तर ताईंचा तुकडा. म्हणून दर तीन महिन्यांनी रक्तात दोन गोष्टी बघतात. गोळीचं प्रमाण, आणि मूत्रपिंडं थकली की वाढणारं क्रिएटिनिन.

गेल्या वर्षी क्रिएटिनिन वाढू लागलं. गोळीचं प्रमाण मात्र तपासणीत फार कमी निघालं. तुकड्याच्या काळजीने डॉक्टरांनी डोस वाढवला. पुढच्या वेळी क्रिएटिनिन आणखी वर, गोळी आणखी खाली. डोस पुन्हा वाढला.

तिसऱ्या वेळी मामा आणि ताईंसोबत मीही गेलो. क्रिएटिनिन १.९, हवं एकच्या आसपास. गोळी जवळजवळ नाहीच.

"गोळ्या वेळेवर घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्यावरून घड्याळ लावून घ्या," मामा म्हणाले.

"हा जेवण चुकवेल, गोळी नाही," ताईंनी ग्वाही दिली.

"मग आमचं मशीनच बिघडलंय. आजच बंद करायला सांगतो."

मामा खुर्चीत चुळबुळले.

"मशीनला कशाला नावं ठेवता?"

"गोळी रक्तात नाही, मग मूत्रपिंडं कोण छळतंय? दोन आकड्यांचा मेळ बसत नाही, मामा. मशीन खोटंच."

मामांचे कान लाल झाले. ते उभे राहिले.

"चांगल्या काट्याला खोटा म्हणू नका, साहेब. काटा बरोबर आहे. माल खोटा आहे."

मग सगळं बाहेर आलं. प्रमाण जास्त दिसलं तर डॉक्टर गोळी कमी करतील, आणि ताईचा तुकडा जाईल, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. म्हणून तपासणीआधी दोन दिवस ते गोळीच घेत नसत. या वेळी तीन दिवस. तपासणी झाली की वाढीव डोस इमानाने चालू.

ताई उसळल्या.

"माझं पोट चिरून घेतलंस आणि तीन दिवस गोळी नाही?"

"ताई, तुझाच तुकडा वाचवत होतो गं."

"वाचवत होतास की वाऱ्यावर सोडत होतास?"

"नशीब समजा," डॉक्टर म्हणाले. "तुकडा धन्यापेक्षा सरळ निघाला. अजून टिकून आहे."

त्यांनी त्या गोळीचा डोस निम्म्यावर आणला. जोडीला मूत्रपिंडांना न छळणारी दुसरी गोळी दिली. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन १.५ वर उतरलं. याखाली बहुधा येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. जे गेलं ते गेलं.

"कायमची खोट राहिली," घरी येताना मामा म्हणाले.

"राहू दे," ताई म्हणाल्या. "लक्षात राहील."

आता रोज सकाळी आठला ताईंचा व्हिडिओ कॉल येतो. मामांचं दुरुस्तीचं दुकान तेव्हा उघडलेलं असतं.

"तोंड उघड. जीभ वर. डाव्या गालात काय आहे?"

"दाढ आहे, ताई."

"दाखव."

मामा दाखवतात. काल एक गिऱ्हाईकही वाकून बघत होतं.

"गेली हो गोळी, ताई," ते म्हणालं.

"तुम्ही कोण?"

"तराजू घेऊन आलोय."

"रोज आणत जा."