परत पाठवलेला कचरा

मंगेशने गठ्ठ्यात हात घातला आणि झटक्यात मागे खेचला. ग्लोव्ह फाडून सुई बोटात घुसली होती. इंजेक्शनची, वापरलेली.

शिवडीच्या यार्डात आम्ही परदेशातून आलेले कंटेनर उघडत होतो. कागदोपत्री माल होता रद्दी. इथली पेपर मिल ती लगदा करायला मागवते. मी सर्व्हेयर. म्हणजे सांगितलेला मालच आलाय का, हे बघून रिपोर्ट द्यायचा. वर रद्दी होती खरी. खाली वापरलेले डायपर, सलाईनच्या नळ्या, कुजलेलं अन्न. एका श्रीमंत देशातल्या घरांची आणि दवाखान्यांची घाण. असा कचरा न विचारता दुसऱ्या देशात पाठवायचा नाही, असा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्या देशाने त्यावर सहीसुद्धा केलीय.

मंगेश लालबागचा, यार्डात गठ्ठे सोडायच्या कामावर. त्याला टॅक्सीत घालून परळला हॉस्पिटलात नेलं. रक्त घेतलं, औषधं सुरू झाली.

"मॅडम, घरी कळवू नका हां," तो म्हणाला. "बायकोला दिवस गेलेत."

माझं डोकं तिथेच फिरलं.

ऑफिसात सावंतसाहेब, माझे बॉस, वाटच बघत होते. "डिसूझा मॅडम, 'माल ओला, दर्जा कमी' एवढंच लिहा."

"आणि सुई?"

"दोन देशांत व्यापाराची बोलणी चालू आहेत. वरून फोन आलाय. आत्ता नको."

"मंगेशला काय सांगू सर? बोलणी संपेपर्यंत थांब?"

मी दिसलं ते लिहिलं, फोटो जोडले आणि कस्टम्सला पाठवून दिलं.

मग व्हिडिओ मिटिंग. पलीकडे त्या देशाचा व्यापार अधिकारी, गोड बोलणारा. म्हणाला, "आमच्याकडे कचऱ्याचं वर्गीकरण फार काटेकोर असतं."

"दिसलं ना," मी म्हटलं. "चांगलं तुमच्याकडे राहिलं, उरलेलं आमच्याकडे आलं."

सावंतसाहेबांनी माझा माईक बंद केला.

पण कस्टम्सने माल सोडला नाही. कंटेनर परत पाठवायचा निर्णय झाला. त्याचंही दोन्ही सरकारांनी 'मैत्रीपूर्ण सहकार्य' करून टाकलं. मंगेशच्या सगळ्या तपासण्या व्यवस्थित आल्या. त्याला मुलगी झाली. मला वाटलं, संपलं.

मला राहवेना म्हणून शिपिंग कंपनीच्या वेबसाईटवर कंटेनरचे नंबर टाकले. माल त्या देशात पोचलाच नव्हता. वाटेत दुसऱ्याच बंदरात उतरला होता, आपल्याहून गरीब देशात. तिथल्या सर्व्हेयरने 'रद्दी' लिहून सही केली असणार. गठ्ठ्यात हात कोणी घातला, ते मला कधीच कळणार नाही.

तेव्हापासून माल परत पाठवायचं ठरलं, की तो मूळ बंदरात उतरल्याचा पुरावा मी लेखी मागते. मागितला की मिटिंग लवकर आटोपते. पुरावा अजून एकदाही आलेला नाही.