अण्णांच्या मनगटाचा कासरा

आमच्याकडं जमीन नव्हती आणि बैलही नव्हते. दहा-बारा शेळ्या, पत्र्याची एक खोली आणि निम्मं वर्ष ऊसतोडीला असणारी आई, एवढाच संसार. तरी परंड्याच्या आसपास बैलांच्या शर्यतीचं मैदान भरलं की बोलावणं आमच्या दारात यायचं. माझे वडील, अण्णा, छकडी हाकायचे. बैल दुसऱ्याचे, जीव अण्णांचा.

ज्यांनी शर्यत पाहिली नाही त्यांना सांगते. छकडी म्हणजे दोन चाकं आणि मधे चार लाकडं. बसायला जागा नसते. हाकणारा लाकडांवर पाय रोवून वाकून उभा राहतो. काठी-चाबूक आता चालत नाही. हातात नुसता कासरा, म्हणजे बैलांचा दोर, आणि तोंडात आरोळी. आखलेल्या पट्टीतून बैल सुटतात आणि बघता बघता निशाण ओलांडतात. लोकांना वाटतं खेळ संपला. पण बैलांना निशाण कळत नाही. ते तसेच रानात उधळतात. छकडी उलटायला लागली की कासरा सोडून उडी मारायची. म्हणून कासरा हाताला गुंडाळायचा नाही, हा पहिला नियम. अण्णांनीच तो कितीतरी जणांना शिकवलेला.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आधीच्या एका मैदानात चाकाखाली सापडून अण्णांच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली होती. हाडं जुळली, पण मूठ वळत नव्हती. बोटं मोडल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं, पण मूठ वळत नाही हे घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. कळलं असतं तर मालकानं दुसरा गडी उभा केला असता. एरवी शेळ्यांमागं फिरणाऱ्या माणसाला मैदानातच तेवढा कुणी फेटा बांधायचं.

सोनारीकडच्या मैदानाला ते मला सोबत घेऊन गेले. मालक हसला.

"लेकीला आणलंय व्हय? हरल्यावर रडायला?"

"न्हाय मालक, फेटा सांभाळायला."

"बोटं बरी हायत न्हवं?"

"बैल हाकायला बोटं लागत न्हाईत, छाती लागती."

बैल जुंपल्यावर पाणी द्यायच्या निमित्तानं मी जवळ गेले. अण्णांनी शर्टाची बाही वर केली. "कासरा मनगटाला बांध. लौकर. पण हिसका दिला की सुटला पायजे."

मी तशीच गाठ मारली. ओढून बघितलं, तर लगेच सुटली. मला वाटलं, ही निशाणाच्या आधीच सुटली तर सगळ्यांसमोर अण्णांचं हसं होईल. मग शेळी खुंट्याला बांधतो ती गाठ मारली. ती जेवढी ओढावी तेवढी आवळते. अण्णांना सांगितलं नाही. बाही खाली ओढली आणि बाजूला झाले.

अण्णांची छकडी पहिली आली. हलगी वाजली, मीही ओरडले. पुढं बांधावर चाक चढलं आणि छकडी उलटली. अण्णांनी उडी मारली; हिसका दिलेला मला लांबून दिसला. गाठ सुटली नाही. दोन शेतं बैलांनी त्यांना फरफटत नेलं. शेवटी कुणीतरी विळ्यानं कासरा कापला.

हात राहिला, पण कोपराखाली त्यात जीव नाही. दवाखान्यात आईनं विचारलं, "कासरा बांधला कुणी?"

"म्याच. दातानं," अण्णा म्हणाले. माझ्याकडं बघितलंही नाही.

मी कॉलेज सोडते म्हणाले. तेव्हा मात्र बघितलं. "सोड की. म्हंजी माझा हात बी गेला आन तुझं शिक्षण बी. लई शानी हायस."

गाठीबद्दल ते कधीच बोलले नाहीत. मीही नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे. अण्णा परत छकडीवर चढले नाहीत. सकाळी शेळ्या सोडून, अण्णांना जेवू घालून मी परंड्याची एसटी धरायची.

पुढच्या वर्षी मी बी.ए. पास झाले. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली.