वजनाला पाठवलेली बाई

एका माणसावर मी आळ घेतला होता. तो आळ खोटा होता हे मी तेरा वर्षं कुणाला सांगितलं नाही. आता वय झालंय, लिहिता येतंय तोवर लिहून ठेवतो.

आमच्या भागात कॅन्सर झाल्याचं पेशंटला सांगायचं नाही, घरच्यांना सांगायचं, अशी रीत होती. अजूनही बरीचशी आहे. पेशंट बाकावर बसतो आणि मुलगा, जावई किंवा दीर पुढे होऊन कुजबुजतो, "साहेब, त्यांना काय बोलू नका." साताऱ्यात नोकरीला लागलो तेव्हापासून मी हे ऐकत आलो. पुढे सांगलीत स्वतःचा दवाखाना काढला तेव्हा या रितीसाठी एक सोयच करून घेतली. वजनकाटा शेजारच्या खोलीत ठेवला. रिपोर्ट वाईट असला की सिस्टरना म्हणायचो, "यांचं वजन करून आणा." पेशंट तिकडे गेला की दार लोटून घरच्यांना पाच मिनिटांत सगळं सांगून टाकायचो. वजन सावकाश करायचं हे सिस्टरना न सांगता कळायचं.

पेशंटला स्वतःला सांगायचं तर तास जातो. तो रडतो, गप्प होतो, पुन्हा पहिल्यापासून विचारतो. बाहेर चाळीस माणसं ताटकळत असायची. रीत लोकांची होती हे खरं, पण ती मला फार सोयीची होती.

माण भागातली एक बाई आली. घर मेंढपाळांचं, वय पन्नाशीचं, छातीत लिंबाएवढी गाठ. सोबत थोरला मुलगा होता, सैन्यातून सुट्टीवर आलेला. धाकटा मेंढरांमागे होता. तपासण्या होईपर्यंत दोन दिवसांत मी तिला तीनदा वजनाला पाठवलं. तिसऱ्यांदा ती दारातच थांबली.

"आवं डागदर, कालधरनं तीन येळा तोललं मला. बाजारात बकरं बी एवढ्यांदा तोलत न्हाईत. घ्यायचंय का इकायचंय?"

सिस्टर हसल्या, मीही हसलो. मुलगा हसला नाही.

"साधी गाठ आहे मावशी," मी म्हणालो. "काढली की झालं."

ऑपरेशन चांगलं झालं. पुढे दर तीन आठवड्यांनी केमोच्या औषधाच्या बाटल्या शिरेतून आणि शेवटी शेक, म्हणजे रेडिएशन, असं ठरलं. तिला सांगितलं, ताकदीची औषधं आहेत. पहिल्या बाटलीनंतर उलट्यांनी ती आडवी झाली, दुसरीनंतर केस गेले. "ह्या ताकदीनं उभं ऱ्हाता येईना," एवढंच म्हणाली.

मुलाची सुट्टी संपत आली होती. निघायच्या आदल्या दिवशी तो एकटाच आत आला आणि खुर्ची असून उभा राहिला.

"साहेब, आईला खरं सांगूया. पयल्यांदा मीच नको म्हनलं, पर आता ती आवशदं नको म्हनतीया. मला बोलायला जमंना. तुमी सांगा, तुमचं ऐकंल."

मी बाहेरची गर्दी पाहिली. "कशाला? चांगली हसतीखेळती आहे, भीतीनं खचेल. तू ड्यूटीवर जा, इथं मी आहे."

"मग धाकट्याला तरी सांगू?"

"त्याच्या पोटात राहील का? नको."

तो निघून गेला.

तिसऱ्या बाटलीला ती आली नाही. दिवाळी झाली होती. मेंढरं चारणीला कोयनेच्या खोऱ्याकडे निघाली होती, त्यांच्यामागे ती गेली. साधी गाठ होती, ती निघाली होती, आणि औषधानं जीव नकोसा होत होता. अशा औषधासाठी कोण मागे थांबेल? तिनं विचार बरोबरच केला, फक्त मी दिलेल्या माहितीवर केला. केसपेपरवर फोन थोरल्याचा होता आणि तो सीमेवर. दोनदा लावला, लागला नाही. तिसऱ्यांदा लावला नाही. खाली लिहिलं, 'सूचना देऊनही रुग्णाने उपचार अर्धवट सोडले.' कसली सूचना?

उन्हाळा सरताना मेंढरं परतली तेव्हा धाकट्यानं तिला आणलं. दम लागत होता, कंबर धरली होती. एक्स-रे उजेडासमोर धरल्यावर पुढचं बघायची गरज उरली नाही. थोरला तातडीची रजा काढून आला. व्हरांड्यात दोघे भाऊ, दोन चुलते आणि मामा उभे होते.

"डागदर, साध्या गाठीचं आसं कसं झालं?" धाकट्यानं विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी थोरल्याकडे बोट केलं. "याला विचारा. याला पहिल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. आईला सांगू नका म्हणणारा हाच."

यातला शब्द न् शब्द खरा होता. थोरल्यानं माझ्याकडे पाहिलं. आता हा बोलणार, असं वाटलं. तो बोलला नाही. त्याची आई माझ्याच वॉर्डात होती, तो काय बोलणार?

"म्हंजे तुला ठावं हुतं," धाकटा भावाला म्हणाला, "आन् मी तिला घाट चढवत नेली?"

आठवड्यानं ती गेली. त्याआधी एका सकाळी मी राउंडला गेलो तेव्हा म्हणाली, "आता वजनाला न्हाई पाठवत व्हय?" मी नाडी धरून उभा राहिलो. "आदी बोलला आसता तर बसले आसते की हितंच. मेंढरं काय, धाकटा बगतोय."

पुढेही मी पुष्कळ वर्षं ऑपरेशनं केली. वजनकाटा मात्र माझ्याच खोलीत आणून ठेवला. लोकांना वाटलं, जागा कमी पडली असेल.

आता मी विश्रामबागेतल्या घरी असतो. आठवड्यातून दोन सकाळी एका मित्राच्या दवाखान्यात सल्ल्यापुरता बसतो. गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी तिथं तो थोरला आला. सैन्यातून निवृत्त झालेला, मिशा पिकलेल्या. सोबत बायको. तिच्या हातातल्या रिपोर्टांवरून ती का आली हे कळलं.

बसण्याआधीच तो म्हणाला, "साहेब, हिला वजनाला पाठवू नका. काय आसंल ते हिच्या तोंडावर बोला. आईच्या येळंला चूक झाली."

कुणाची, ते बोलला नाही.

मी तिला सगळं सांगितलं. तास लागला. गाठ लहान होती, वेळेत आली होती. ती रडली, मग केस परत येतात का विचारलं, मग धारा काढता येतील का विचारलं. सगळं झाल्यावर मी त्याला म्हणालो, "चूक तुझी नव्हती. तू सांगा म्हणाला होतास. मी नको म्हणालो."

"ठावं हाय की. मी तितंच हुतो." तो शांतपणे म्हणाला. "मला काय सांगताय साहेब? धाकट्याला सांगा."

"आईच्या तेराव्यापासनं यांच्या ताटाला ताट लावलं न्हाई त्येनं," बायको म्हणाली.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं माणला गेलो. मेंढरांच्या तळापासून हाकेच्या अंतरावर थोरल्यानं गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मी एकटा उतरलो.

धाकटा एका मेंढीचा खूर चाकूनं साफ करत होता. त्यानं ओळखलं, पण हात थांबवला नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, भाऊ काय म्हणाला होता, मी काय म्हणालो होतो आणि व्हरांड्यात मी काय गाळलं.

"तवा का न्हाई बोलला?"

"भ्यालो."

"कुणाला?"

"तुम्हा सगळ्यांना. माझ्या नावाला."

त्यानं मेंढी सोडली. चाकू पुसला.

"त्यो कुटाय?"

"गाडीत. वहिनीपण आहे. तिलाही गाठ आहे."

"आन् आजारी बाई उन्हाची गाडीत बसवलीया?" तो माझ्यावरच खेकसला. "डागदर हाय का कोन?"

चार पावलं जाऊन वळला. "तुमी बसा हितं. तुमचं मागनं बगतो."

तिथं एक दगड होता, त्यावर मी बसलो. पलीकडे गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मला कुणी बोलावलं नाही. बसून राहिलो.