हत्यारखोलीतल्या सासूबाई

जावई शिंपी आणि सासू बस-डेपोच्या हत्यारखोलीतून निवृत्त झालेली. एकाचा जन्म सुईदोऱ्यात गेलेला, दुसरीचा लोखंडात. या दोघांचं एका घरात जमणार कसं, याची काळजी शेजाऱ्यांनाच जास्त होती. प्रत्यक्षात त्यांचं भांडण कधी झालंच नाही, कारण भांडायला आधी बोलावं लागतं. सासूबाई गुडघ्यांनी हैराण होऊन लेकीकडे राहायला आल्या, त्याला अकरा महिने झाले होते. एवढ्या काळात जावयाशी त्यांचं बोलणं चहा, औषधाची वेळ आणि दाराची कडी यापलीकडे गेलं नव्हतं.

त्यात एक सल होता. मोठ्या खिडकीची पुढची खोली सासूबाईंना द्यावी लागली आणि शिंप्याचं कापायचं टेबल जिन्याखालच्या बोळात गेलं. तो तोंडाने चकार शब्द बोलला नाही. पण त्या दिवसापासून त्याची कात्री जरा जास्तच आवाज करायला लागली, हे खरं.

सासूबाईंचं काम तसं जगावेगळं. डेपोत एक खोली, खोलीला एक खिडकी, खिडकीत या बसलेल्या. फिटरने आपला पितळी बिल्ला द्यायचा आणि पाना न्यायचा, काम झालं की पाना परत देऊन बिल्ला घ्यायचा. एकतीस वर्षं हेच. स्वतः त्यांनी कधी एक नटसुद्धा खोलला नाही, पण परत आलेल्या पान्याचं तोंड बघून तो कशावर घातला, कसा ओढला आणि ओढताना फिटर घाईत होता की रागात, हे त्या सांगायच्या. फिटर त्यांना पाठीमागे ‘एक्सरे’ म्हणत. पुढे पुढे तोंडावरही म्हणू लागले, आणि त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

त्यांची लेक, म्हणजे शिंप्याची बायको, नर्स होती. दूरदूरच्या वस्त्यांवर घरोघर जाऊन बाळंतिणी बघायच्या, अडलेलीला वेळेत दवाखान्यात पोचवायचं, हे तिचं काम. त्यासाठी एक जुनी छोटी गाडी होती आणि ती कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याच्या जिवावर चालायची. तो गॅरेजवाला एक दिवस कुलूप लावून मुलाकडे राहायला निघून गेला. दुसरं गॅरेज पार गावाबाहेर. तेव्हा शिंप्याने जेवताना जाहीर करून टाकलं, “आता गाडीचं मी बघतो. बारीकसारीक कामं तर असतात.”

बायको म्हणाली, “बघा बाई. मला रस्त्यात अडकवू नका म्हणजे झालं.”

सासूबाईंनी जावयाच्या हातांकडे एकदा पाहिलं आणि त्या ताटाकडे वळल्या.

दुसऱ्याच दिवशी शिंपी लाल पेटी घेऊन आला. एकशे ऐंशी नग. गोट्या, म्हणजे नटावर टोपीसारख्या बसतात त्या लोखंडी नळ्या, त्या फिरवायचा कटकट वाजणारा रॅचेट, पाने, पकडी, स्क्रू पिळायची इवलीइवली टोकं, सगळं आरशासारखं चकचकीत. शिवाय वर एक टॉर्च फुकट. बटणं ग्रोसने, म्हणजे बारा-बारा डझनांनी घेणाऱ्या माणसाला नग जास्त म्हणजे फायदा जास्त, हे वेगळं शिकवावं लागत नाही. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ही म्हण त्यालाही पाठ होती. पण म्हणी आठवतात त्या पैसे देऊन झाल्यावर.

रविवारी दुपारी बायको झोपली असताना त्याने चाक काढायचा सराव करायचं ठरवलं. मागचं डावं चाक. नट गंजलेले. सतरा मिलिमीटरची गोटी त्यावर बसता बसेना, अठराची मात्र अलगद बसली. थोडी हलत होती, पण शिंप्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. अंगाला चिकटून शिवलेला सदरा पहिल्यांदा हात वर केला की काखेत उसवतो, म्हणून कापडात सैलपणा ठेवावाच लागतो. पंचवीस वर्षं तो हेच करत आला होता आणि गिऱ्हाइकं त्याला दुवा देत होती. त्याने लोखंडालाही तोच न्याय लावला. दांडा दोन्ही हातांनी ओढला, गोटी सटकली, बोटांची सालटी निघाली आणि नटाचे कोपरे पार गुळगुळीत झाले. आता त्यावर सतराचीही बसेना आणि अठराचीही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याने बोटांना पट्टी बांधली, नट झाकणारी चाकाची टोपी पुन्हा बसवली आणि पेटी बंद केली. संध्याकाळी बायकोने विचारलं, “झाली का तपासणी?” तर म्हणाला, “सगळं ठीक आहे.”

इथेच तो चुकला, आणि आपण चुकलो हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. ते चाक पंक्चर झालं तर ती ते काढू शकणार नव्हती. आडरस्त्याला गाडी उभी राहिली असती आणि कुठल्या तरी घरात कोणी तरी तिची वाट बघत कण्हत राहिली असती. पण जेवताना छाती पुढे काढून बोललेलं परत कसं घ्यायचं? सोमवारी ती गेली, मंगळवारी गेली, बुधवारी गेली. फोन वाजला की हा कात्री टाकून धावायचा. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला त्याने दोन्ही बाह्या डाव्या जोडल्या, आणि असं त्याच्या हातून उभ्या जन्मात झालं नव्हतं.

गुरुवारी सकाळी बायको बाहेर पडल्यावर पुढच्या खोलीतून हाक आली. “जावईबापू, तुमची ती पेटी जरा दाखवता का?”

त्याने पट्टी बांधलेल्या हाताने पेटी नेऊन पलंगावर ठेवली. सासूबाईंनी चष्मा पुसला, झाकण उघडलं आणि एकेक गोटी न उचलता नुसती नजर फिरवली. मग गंजाचा डाग लागलेली अठराची काढली, उजेडात धरली, तोंडाच्या आत करंगळी फिरवली.

“कुठल्या चाकाचा नट?” त्यांनी विचारलं.

शिंपी जमिनीकडे बघत म्हणाला, “मागचं डावं. एकच नट आहे.”

“कधी?”

“रविवारी.”

त्यांनी गोटी पेटीत परत ठेवली. शिंप्याला वाटलं, आता आपली खैर नाही. सख्खी लेक चार दिवस त्या गाडीतून फिरत होती. पण सासूबाई म्हणाल्या, “कपड्याला सैल लागतं म्हणून घातलीत ना मोठी? आमच्याकडे एक नवा फिटर असाच होता, आधी चपला शिवायचा. त्याचंही असंच व्हायचं. लोखंडाला श्वास घ्यायचा नसतो, जावईबापू. गोटी अगदी अंगाबरोबर बसली पाहिजे. बसत नसेल तर नट घासून साफ करायचा, गोटी बदलायची नाही. चला, रिक्षा बोलवा. दुकानात जाऊ.”

गुडघ्यांमुळे ज्या बाई अंगणापर्यंत जात नव्हत्या, त्या हत्यारांच्या दुकानाच्या तीन पायऱ्या जावयाचा खांदा धरून चढल्या. दुकानदाराने उत्साहाने मोठमोठ्या पेट्या समोर मांडल्या. दोनशे नग, अडीचशे नग. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

“परत आलेला माल दाखवा,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“गिऱ्हाइकं मोडलं म्हणून परत आणतात ना? तो खोका असेल कुठे तरी.”

दुकानदार आधी हसला, मग जरा चिडला, मग त्यांचा चेहरा बघून निमूट आत गेला आणि एक पुठ्ठ्याचा खोका घेऊन आला. सासूबाईंनी तो टेबलावर पालथा केला. चिरलेल्या गोट्या, दात गेलेले रॅचेट, वाकलेले दांडे. एकेक उचलून त्या त्यावर कोरलेलं कंपनीचं नाव बघत आणि बाजूला ठेवत. शिंप्याच्या लाल पेटीची भावंडं त्यात डझनभर होती. पाव तासाने त्या म्हणाल्या, “आता यात जे नाव एकदाच आलंय, त्याची पेटी दाखवा. नाव अजिबात आलं नाही तर तीही नको. तसलं कोणी विकत घेतलेलंच नसतं.”

दुकानदाराने आतून धूळ बसलेली एक करडी पेटी आणली. जेमतेम पन्नास नग. चकाकी नाही, टॉर्च नाही. सासूबाईंनी आकडे वाचले, आठपासून चोवीसपर्यंत मधला एकही गळलेला नव्हता. गोट्यांना आतून सहाच कोपरे होते. “बारा कोपऱ्यांची पटकन बसते, पण गंजलेल्या नटावर घसरते,” त्या म्हणाल्या. रॅचेट कानाशी धरून त्यांनी हळूच फिरवला आणि दातांचा बारीक आवाज ऐकला. जोडीला एक लांब दांडा मागितला आणि चाकाचा एक नवा नट. सगळं मिळून लाल पेटीपेक्षा थोडं जास्त झालं, फार नाही. दुकानदाराने विचारलं, “बाई, तुम्ही इथे कामाला येता का?” त्यावर त्या इतक्या मनापासून हसल्या की शिंप्याला कळलं, आपण यांना हसताना आज पहिल्यांदाच बघतोय.

शुक्रवारी बायको सहकारी नर्सच्या गाडीने प्रशिक्षणाला गेली. सासूबाई चाकाशेजारी खुर्ची टाकून बसल्या. नटावर आदल्या संध्याकाळीच तेल सोडून ठेवलं होतं. “गाडी आधी उचलू नका, चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचा. त्या लाल पेटीतली सोळाची घ्या. चांगली गोटी यात खराब करायची नाही. हाणा हातोडीने.” लहान गोटी ठोकून ठोकून त्या गुळगुळीत नटावर चढवली. मग लांब दांडा लावला आणि शिंप्याने अंगातलं सगळं बळ एकवटलं. कर्रर्र आवाज झाला. त्याला वाटलं, दांडा मोडला. पण नट फिरला होता. तो चक्क रस्त्यावर बसला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी दुसरीकडे बघितलं, म्हणजे त्याला डोळे पुसता आले.

त्यानंतर दोन रविवार त्यांनी जावयाकडून आणि लेकीकडूनही तेच चाक काढून घेतलं आणि बसवून घेतलं. लेक कुरकुरली, “मला कशाला? हे आहेत की.” आई म्हणाली, “रस्त्यात हे नसतात.” नटाचं प्रकरण मात्र त्यांनी लेकीला सांगितलं नाही. करडी पेटी गाडीत गेली.

दीड महिन्याने एक दिवस बायको दुपारी दोनला घरी आली ती धुऊनही काळ्याच राहिलेल्या हातांनी. पाणी पिऊन म्हणाली, “आज अकराच्या सुमाराला चाक पंक्चर झालं. मागचं डावं. पुढच्या वस्तीवर एक बाई अडलेली, मूल आडवं. वीस मिनिटांत चाक बदललं मी. पोचले, तिला गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं.” मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “पेटी मात्र झकास निवडलीत हो तुम्ही. नट कसे लोण्यासारखे निघाले.”

शिंपी गप्प बसला असता तर चाललं असतं. सासूबाई तर खिडकीबाहेर बघत होत्या. पण त्याच्याने राहवेना.

“मी नाही निवडली,” तो म्हणाला. “माझ्या पेटीने तर त्याच चाकाचा नट मी खराब केला होता. तो निघेपर्यंत पाच दिवस गाडी तशीच होती, आणि मी तुला काही बोललो नाही. आईंनी ओळखलं, आईंनी पेटी निवडली, तो नटही आईंनीच काढायला शिकवला.” मग पहिल्यांदा तो सासूबाईंसमोर खाली बसला. “आई, तुमचे उपकार आहेत माझ्यावर. ही पोचली ती तुमच्यामुळे. आणि मी इतके दिवस तुम्हाला नीट चार शब्द बोललो नाही, त्याची लाज वाटते मला.”

बायको रागाने काही म्हणणार होती. पाच दिवस ही काही थोडी गोष्ट नव्हती, आणि ते ती पुढे आठवडाभर ऐकवणारच होती. पण आईचा चेहरा बघून ती थांबली.

“एकतीस वर्षं खिडकीतून पाने दिले,” सासूबाई म्हणाल्या. “संध्याकाळी पाना परत यायचा. त्या पान्याने कुठली बस दुरुस्त होऊन सुटली, त्या बसने कोण कुठे वेळेवर पोचलं, ते मला कधी कोणी सांगितलं नाही. सांगणार तरी कोण? आज पहिल्यांदा कळलं.”

त्यांनी लेकीचे काळे हात आपल्या हातात घेतले आणि पदराने पुसायला लागल्या.

“काय झालं तिला, मुलगा की मुलगी?”

“मुलगी. पावणेतीन किलो.”

“मग आता सावकाश सगळं सांग,” त्या म्हणाल्या. “अगदी सुरुवातीपासून. पहिला नट कुठला सैल केलास?”