पाठमोरं जपानी जोडपं

आमच्या फ्रेमच्या दुकानात काच कापणाऱ्या नागम्माअक्कानं मला वाचवलं, हे आधी लिहून ठेवतो. मी जळगावकडचा, आठवीत शाळा सोडलेला. इथं कलबुर्गीत नोकरी गेली तर झोपायची जागाही जाते. दुकानाचा माळा हेच माझं घर.

एक डॉक्टरबाई दोन जुनी जपानी चित्रं घेऊन आल्या. लाकडी ठशांनी कागदावर छापलेली. बर्फ पडतोय, एका कागदावर बाई, दुसऱ्यावर पुरुष, आणि दोन्हींवर अर्धी अर्धी छत्री. "दोन्ही मिळून एकच जोडपं आहे. एका फ्रेममध्ये शेजारी लावा. कापू नका," एवढं सांगून त्या गेल्या.

मालक अप्पांनी लगेच हुकूम सोडला. "बायको नवऱ्याच्या डाव्या हाताला. लक्ष्मीनारायण कसे असतेत?"

तसं मांडलं, तर दोघांची एकमेकांकडे पाठ. अर्धी छत्री या टोकाला, अर्धी त्या टोकाला.

"अप्पा, हे रुसल्यासारखे दिसतात."

"जपानात तसंच असतंय. आठवी शिकून मला शिकवायलास व्हय? डिंक लाव, ठोक खिळे."

मी डिंकाची बाटली उघडली. अक्का हातातली काच ठेवून उठली. "जुना कागद हाय तो. एकदा चिकटला की निघत न्हाई." तिनं गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. पातळ कागदाच्या पट्ट्यांनी दोन्ही चित्रं फक्त वरच्या कडेला टांगली. याला आम्ही हिंज म्हणतो. पट्टी ओली केली की चित्र सुटतं. अप्पा आपले "येळ घालवायलाव" म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी फ्रेम बघितली. "ह्यांचं भांडण कामून लावून दिलंत? निदान छत्री तरी बघायची!"

अप्पांनी सरळ माझ्याकडे बोट केलं. "ह्यानं केलं. उद्यापासनं येऊ नको रे."

अक्काच बोलली, "अप्पा, लक्ष्मीनारायण कुणी सांगितलं? मी हितंच व्हते की."

बाई वैतागल्या. "कुणी केलं ते ऱ्हाऊ द्या. चित्र निघतंय का?"

निघालं. खिळे उपसले, पट्ट्या ओल्या केल्या, कागदांची अदलाबदल केली. छत्री जुळली, दोघं एकमेकांकडे बघू लागले.

अप्पा म्हणाले, "मी पहिल्यापासनं हेच सांगायलो."

माझ्या नोकरीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. आता कुठलंही चित्र मांडलं की खिळे ठोकायच्या आधी गिऱ्हाइकाला फोटो पाठवतो. अप्पांना नंतर दाखवतो.

अक्का अजून जमिनीवर वाकून काच कापते. कधी माझं दुकान झालंच, तर कमरेइतक्या उंचीचं टेबल आधी तिच्यासाठी बनवणार.